विमानाचा बोल्ट नेमका किती आवळायचा? टॉर्कच्या आकड्यांची पार्श्वभूमी

नोव्हेंबर १९०३. किटी हॉकला राइट बंधूंच्या चाचण्या अडल्या होत्या. इंजिनाच्या हादऱ्यांनी प्रोपेलरच्या दांड्यांवरची दातेरी चाके सारखी ढिली पडत. शेवटी सायकलचे टायर चिकटवायच्या सिमेंटने ती घट्ट बसवावी लागली. किती आवळले म्हणजे पुरे, हे तेव्हा हाताच्या अंदाजावरच ठरे.

मोजून आवळण्याची गरज आधी भासली ती पाण्याच्या पाइपांना. न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातील कॉनरॅड बार यांनी १९१८च्या सुमारास टॉर्क रेंच, म्हणजे पिळण्याचा जोर (टॉर्क) मोजणारा पाना, तयार केल्याचे मानले जाते. पुढे मोटारींच्या कारखान्यांनी तो उचलला. विमानांत अमेरिकी लष्कर आणि नौदलाने ठरवलेले प्रमाणित मापांचे ‘एएन’ (आर्मी-नेव्ही) बोल्ट आले आणि सर्वांसाठी एकच तक्ता करणे शक्य झाले.

आजही एफएए या अमेरिकी विमान-नियामक संस्थेच्या ‘एसी ४३.१३-१बी’ या दुरुस्ती-मार्गदर्शिकेमध्ये पाव इंची बारीक आट्यांच्या बोल्टला ५० ते ७० इंच-पाउंड टॉर्क दिलेला आहे. नट पातळ, शिअर प्रकारचा (आडवा जोर येणाऱ्या जोडांसाठीचा) असेल, तर फक्त ३० ते ४०. पातळ नटाला आटे कमी, म्हणून तो तेवढा ताण पेलत नाही. अर्थात उत्पादकाच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल, तर तोच पाळायचा.

या आकड्याचा खरा अर्थ मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याला हवा असतो बोल्टमधला ताण, पण रेंच मोजतो पिळण्याचा जोर. त्यातला साधारण नव्वद टक्के जोर आट्यांत आणि नटाखाली घर्षणातच जातो. ताणाच्या वाट्याला येतो जेमतेम दहावा हिस्सा. म्हणून कोरड्या आट्यांसाठीचा आकडा तेल लावलेल्या बोल्टला वापरला, तर रेंच तेच माप दाखवतो, पण बोल्ट भलताच ताणला जातो. सेल्फ-लॉकिंग (आपोआप ढिला न होणारा) नट नुसता फिरवायलाही जोर लागतो. तो आधी मोजून तक्त्यातल्या आकड्यात मिळवावा लागतो.

१० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची वैमानिकासमोरची नुकतीच बदललेली काच हवेत निखळली. कॅप्टन अर्धे बाहेर खेचले गेले. सहकाऱ्यांनी धरून ठेवल्यामुळे ते वाचले. तपासात दिसले, की ९० पैकी ८४ बोल्ट हवे त्यापेक्षा बारीक होते. ते बसवताना टॉर्क मर्यादित करणारा स्क्रूड्रायव्हरच वापरला होता. पण आटे घसरत होते आणि हाताला ते टॉर्क पूर्ण झाल्याच्या ‘क्लिक’सारखेच जाणवत होते.