तुमच्या घराचं ठोकळ्यांचं मॉडेल: ऑर्डर द्यायच्या आधी एवढं वाचा

नमस्कार. सांगलीत आमचं हे छोटं दुकान सुरू झाल्यापासून रोज दोन-तीन मेसेज ठरलेले, घराचा एक फोटो आणि खाली "याचं लेगोचं मॉडेल कितीला होईल?" एका फोटोवरून रेट नाही ओ सांगता येत, आणि का येत नाही ते फोनवर सांगून सांगून घसा बसला म्हणून शेवटी हा कागदच छापलाय. चहा पिता पिता वाचून टाका.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, आम्ही लेगो कंपनीचे कोणी लागत नाही. ती डेन्मार्कमधल्या बिलुंड गावची कंपनी, वर बटणं (डोक्यावरचे गोल उंचवटे, त्यांना आम्ही बटणं म्हणतो) आणि आत पोकळ नळ्या असलेल्या आजच्या ठोकळ्याच्या पेटंटचा अर्ज त्यांनी २८ जानेवारी १९५८ ला केला, आणि तेव्हाचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर अजून बसतो. आम्ही तुमच्या घराचं, वाड्याचं, ट्रॅक्टरचं डिझाईन कॉम्प्युटरवर करतो, लागणारे पीस मोजून पिशव्यांत भरतो आणि जोडायची पुस्तिका छापून देतो. जोडायचं तुम्ही घरी बसून, मजा त्यातच आहे.

"मग ठोकळेच तर जोडायचे, डिझाईनचे वेगळे पैसे कशाला?" असं एक काका म्हणाले. काका, दोन बाय चार, म्हणजे ८ बटणांचे एकाच रंगाचे दोन ठोकळे घ्या, ते एकमेकांवर २४ प्रकारे बसतात. सहा घेतले तर ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे, हा आकडा आमचा नाही, गणितवाल्यांनी मोजलेला आहे. तुमच्या घरात शेकड्यांनी ठोकळे लागतात.

माप

सगळ्यात जास्त डोकं इथे जातं. एका बटणापासून दुसऱ्या बटणापर्यंत बरोब्बर ८ मिलिमीटर. ठोकळ्याची उंची ९.६, आणि पातळ पट्टी असते ती ३.२, म्हणजे तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा. बघायला गेलं तर आडवं माप आणि उभं माप जुळतच नाही, पण पाच पट्ट्या ठेवल्या की १६ मिलिमीटर होतात आणि दोन बटणांचेही १६च. ही एक गोष्ट कळली की ठोकळे आडवे करून भिंतीत बसवता येतात, खिडकीचं ग्रील, दुकानाची पाटी, कट्ट्याची नक्षी हे सगळं त्या पाच पट्ट्यांच्या जिवावर निघतं. मला स्वतःला हे कळायला वर्ष लागलं, तोवर सगळी घरं खोक्यासारखी दिसायची.

आता तुमचा ३० बाय ४० चा बंगला धरा. चाळीसपट लहान केला तर समोरची बाजू साधारण २३ सेंटीमीटर, म्हणजे २८-२९ बटणं, आणि आत जाणारी बाजू ३८ बटणं. दाराचा तयार पीस मिळतो तो ४ बटणं रुंद आणि ६ ठोकळे उंच, तो या मापाला छान बसतो. पण टीपॉय भरून जातो आणि पीस भरपूर लागतात. मग लोक म्हणतात निम्मं करा आणि पैसेही निम्मे घ्या. निम्मं केलं की लांबी निम्मी, उंची निम्मी, म्हणजे भिंतीचे पीस निम्मे नाही, साधारण पाव होतात, इथपर्यंत तुमचा फायदाच आहे. फक्त दार तीन ठोकळ्यांचं राहतं, त्या मापाचं उघडणारं दार सहज मिळत नाही, ग्रील जाते, गॅलरीतली झोपाळ्याची कडी तर विसराच. पैसे वाचतात पण आजोबांची ओळखीची खिडकी जाते, तेव्हा काय नक्की हवंय ते घरात आधी भांडून ठरवा आणि मग आमच्याकडे या.

कमान असेल तर गणित उलटं चालतं. आयर्विन पुलाचं मॉडेल बरेच जण मागतात, १९२९ चा पूल, सांगलीकराचा जीव त्यात अडकलेला, पावसाळ्यात पाण्याची पातळी बघायला तिथेच जातो आपण. पण कमानीचे पीस ठरावीक मापाचेच येतात, ३, ४, ६, ८, १२ बटणांचे असे, हवं ते मधलं माप मिळेलच असं नाही. त्यामुळे आधी कमान निवडायची, आणि तिच्यावरून अख्ख्या पुलाचं माप काढायचं. "दोन फूट लांब करा" असं सांगितलं तर आम्ही दोन फुटांच्या आसपास म्हणू, बरोब्बर दोन फूट नाही.

कॉम्प्युटरवर दिसतं ते हातात होतंच असं नाही

आम्ही ब्रिकलिंकचं (सुटे ठोकळे विकणारी साइट) स्टुडिओ सॉफ्टवेअर वापरतो. फुकट आहे, विंडोज आणि मॅकवर चालतं, मोबाईलवर नाही. लेगोने २०१९ ला ब्रिकलिंकच विकत घेतलं आणि त्यांचं स्वतःचं डिजिटल डिझायनर नावाचं सॉफ्टवेअर होतं ते २०२२ ला बंद करून लोकांना इकडे वळवलं. आतली पार्टांची लायब्ररी एलड्रॉ नावाच्या फुकट सॉफ्टवेअरची आहे, ती जेम्स जेसिमन नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने १९९५ ला सुरू केली आणि आजही हौशी लोक एकेक पीस मोजून तिच्यात भर घालतात. त्यामुळे तुमच्या पोराला घरी करून बघायचं असेल तर खुशाल करू द्या, त्या सॉफ्टवेअरमधली एलडीआर किंवा आयओ फाईल आणून दिली तर डिझाईनचे पैसे घेणार नाही, तपासायचे तेवढे घेऊ. स्क्रीनशॉट मात्र आणू नका, त्यातून आतले पीस मोजता येत नाहीत.

तपासायचे पैसे का, तर स्क्रीनवर गुरुत्वाकर्षण नसतं. पीस हवेत सोडला तरी तिथेच राहतो. सुरुवातीला एका घराचं मॉडेल दिलं, अंगणात तुळशी वृंदावन, वरून बघितलं तर एकदम झकास. रविवारी त्यांच्या घरी सगळे जोडायला बसले आणि ताईंचा फोन आला, "अहो, तुळस बसतच नाहीये." फाईल उघडून खालच्या बाजूने बघितलं तर वृंदावन जमिनीपासून एक पट्टी वर, ३.२ मिलिमीटर हवेत. वरून कॅमेरा ठेवला की हे दिसत नाही. चूक आमचीच, संध्याकाळी पट्ट्या घेऊन त्यांच्या घरी गेलो, भडंग खाऊन आलो. आता सुटे राहिलेले भाग आणि कच्चे जोड दाखवणारं बटण सॉफ्टवेअरमध्ये आहे ते दाबतोच, पण त्याच्यावर भरवसा ठेवून थांबत नाही. प्रत्येक मॉडेल आधी आमचा भाचा फक्त पुस्तिका बघून जोडतो, आम्ही काही बोलायचं नाही असा नियम. तो जिथे अडला ती पायरी बदलायची. बोट न पोचणाऱ्या जागी पीस लावायला सांगितलेला असतो ते तेव्हाच कळतं.

रंगाचंही तसंच. सॉफ्टवेअरमध्ये कुठलाही पीस कुठल्याही रंगात रंगवता येतो, पण तो त्या रंगात कंपनीने कधी काढलेलाच नसतो. तुमच्या कंपाउंडचा पिस्ता कलर हमखास यात अडकतो. काळ्या दगडाच्या वाड्याला डार्क ग्रे लागतो, आणि २००४ च्या सुमारास लेगोने ग्रे बदलला, आताचा निळसर, जुना किंचित मातकट. दोन्ही एकाच भिंतीत आले तर डागडुजी केल्यासारखं दिसतं. घरात जुने ठोकळे आहेत ते वापरा म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

आम्हाला काय पाठवायचं

चारही बाजूंचे फोटो, समोर उभं राहून, मोबाईल तिरका न करता. छपराचा फोटो शेजाऱ्यांच्या गच्चीवरून मिळतो, नसेल जमत तर आम्ही येऊ. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नका टाकू, डॉक्युमेंट म्हणून टाका, नाहीतर फोटो बारीक होऊन येतो आणि विटा मोजता येत नाहीत. आणि टेप लावून एकच माप द्या, मुख्य दाराची रुंदी, बाकी आम्ही फोटोवरून काढतो.

डिझाईन तुम्ही पास केलं की निम्मे पैसे, मग पीस मागवतो. बाहेरून येणारा पीस असेल तर वेळ लागतो, वास्तुशांतीची तारीख असेल तर महिनाभर आधी सांगा, आदल्या आठवड्यात येऊन रडू नका.

पीस बारीक असतात, तीन वर्षांखालचं लेकरू घरात असेल तर जोडताना त्याला लांब ठेवा. मॉडेल गॅलरीत उन्हात ठेवलं तर पांढऱ्या भिंती पिवळ्या पडतात. धूळ बसली तर मऊ ब्रश, फारच झालं तर कोमट पाणी, ४० अंशांच्या वर नको.

शेवटी पिशवीत दोन-चार बारके पीस उरतील, ते जास्तीचे टाकलेले असतात, तुमचं काही चुकलेलं नाही. कमी पडला तर पुस्तिकेतल्या पायरीचा नंबर आणि फोटो टाका, पीस पाठवतो. दिवाळीच्या आठवड्यात फोन लागणार नाही, मेसेजच करा.