सार्वजनिक कर्जवाढीचे राजकीय उत्तरदायित्व (भारत)

सरकारी कर्ज वाढले तर त्याचा जाब कोणाला विचारायचा, या प्रश्नाचे उत्तर भारतात सहसा कारकिर्दींची वजाबाकी करून दिले जाते. केंद्राचे कर्ज मार्च २०१४ अखेर सुमारे ५८ लाख कोटी रुपये होते, मार्च २०२३ अखेर ते १५५ लाख कोटींवर गेले. विरोधक या रकमा मांडतात, सत्ताधारी जीडीपीशी (देशाच्या वार्षिक एकूण उत्पादनाशी) असलेले प्रमाण दाखवतात. प्रमाण पाहणे अधिक रास्त आहे. मात्र कर्ज काढणारे सरकार आणि ते फेडणारे सरकार बहुधा वेगळे असते, ही गोष्ट दोन्हीकडून सुटते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राजकोषीय तूट (कर्ज काढून भागवायचा खर्च) १५.६९ लाख कोटी रुपये आणि व्याजाचा खर्च १२.७६ लाख कोटी रुपये धरला होता. एवढे व्याज कोणा एका अर्थमंत्र्याच्या काळात साचत नाही.

संविधानाच्या अनुच्छेद २९२ नुसार केंद्र सरकार भारताच्या संचित निधीच्या, म्हणजे केंद्राच्या मुख्य तिजोरीच्या तारणावर कर्ज काढू शकते आणि त्याची मर्यादा संसद कायद्याने ठरवू शकते. संसदेने हा अधिकार वापरावा, अशी अपेक्षा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संविधान सभेत व्यक्त केली होती. प्रत्यक्षात अनेक दशके तसा कायदा झाला नाही. उलट १९५५ पासून सरकारच्या खात्यातील शिल्लक घटली की रिझर्व्ह बँक तदर्थ ट्रेझरी बिले (सरकारची अल्पमुदतीची कर्जपत्रे) घेऊन ती आपोआप भरून देई. ही सोय १९९७ मध्ये बंद झाली.

१९९१ चे परकीय चलनाचे संकट या दृष्टीने बोलके आहे. ऐंशीच्या दशकातील तुटी, अल्पमुदतीची परकीय कर्जे आणि आखाती युद्धामुळे वाढलेला तेलाचा खर्च यांतून ते आले. परकीय चलन मिळवण्यासाठी सोने परदेशी पाठवण्याचा निर्णय मात्र अल्पकाळ सत्तेत असलेल्या चंद्रशेखर सरकारला आणि त्यानंतर नुकत्याच आलेल्या नरसिंह राव सरकारला घ्यावा लागला. लोकांच्या आठवणीत तीच सरकारे राहिली.

वित्तीय उत्तरदायित्व व अर्थसंकल्प व्यवस्थापन कायदा वाजपेयी सरकारने २००३ मध्ये संमत करून घेतला आणि जुलै २००४ मध्ये मनमोहन सिंग सरकारच्या काळात तो लागू झाला. लक्ष्य चुकल्यास अर्थमंत्र्यांनी संसदेत निवेदन करायचे, एवढेच बंधन त्यात आहे, शिक्षा नाही. तूट जीडीपीच्या ३ टक्क्यांवर आणण्याची मुदत वित्त विधेयकांतून वारंवार पुढे ढकलली गेली, तीही वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांकडून. २०१८ च्या दुरुस्तीने केंद्राचे कर्ज मार्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या ४० टक्क्यांवर आणायचे ठरवले होते, तेही साधले नाही. करोनाचे संकट खरेच होते, पण मुदतवाढीची सवय त्याआधीची. या सवयीला संसदेने संमती दिली आहे, त्यामुळे जबाबदारी केवळ अर्थ मंत्रालयाची राहत नाही.

सर्वांत अवघड जाब अर्थसंकल्पाबाहेरच्या, म्हणजे तुटीच्या आकड्यात न दिसणाऱ्या कर्जाचा. २००५ नंतरच्या काही वर्षांत इंधनाचे दर दाबून ठेवण्यासाठी तेल कंपन्यांना रोख रकमेऐवजी रोखे (पुढे पैसे फेडण्याची सरकारी हमीपत्रे) दिले गेले. त्यांची परतफेड पुढच्या सरकारकडे आली. नंतरच्या काळात अन्न अनुदानाचे पैसे देण्याऐवजी अन्न महामंडळाला राष्ट्रीय अल्पबचत निधीतून (अल्पबचत योजनांतील लोकांच्या ठेवींतून) कर्ज दिले गेले, म्हणून तूट कमी दिसली. २०२१ च्या अर्थसंकल्पात ही प्रथा थांबवण्यात आली. महाराष्ट्रातही हेच घडले. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळाने कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने राज्याला दिलेले पाणी २००० पूर्वी अडवण्यासाठी सरकारी हमीवर रोखे विकून पैसा उभारला. धरणांची निकड खरी होती, पण महामंडळाचे स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे असल्याने हे ओझे पुढे राज्याच्या तिजोरीवर आले.

राज्याच्या संस्थांनी काढलेली अशी कर्जे त्या राज्याच्या कर्जमर्यादेत धरण्याचा निर्णय केंद्राने २०२२ मध्ये घेतला. कर्जमर्यादेवरील केंद्राच्या या नियंत्रणाविरुद्ध केरळ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि राज्यांच्या कर्जाविषयीच्या अनुच्छेद २९३ चा अर्थ लावण्याचे काम न्यायालयाने २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपवले.