द्राक्षाच्या रसात तळाशी चमकतं ते काय?

मार्च लागला की ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात द्राक्षांचे ढीग दिसू लागतात. नाशिक-सांगलीकडचा माल वाशीच्या फळबाजारात उतरतो आणि तिथून गावभर पसरतो. परवा मी किलोभर हिरवी आणि किलोभर काळी द्राक्षं आणली. हिरवी धुतली आणि तशीच मिक्सरमधून काढली. गाळताना रस छान पोपटी होता. पेले मांडेपर्यंत तो कोऱ्या चहासारखा दिसायला लागला.

"औषध मारलेलं असणार," शेजारच्या काकू म्हणाल्या. पण हे औषधाचं काम नाही. चिरलेलं वांगं काळं पडतं, तसंच हे. द्राक्षाच्या पेशीत फिनॉल वर्गातली द्रव्यं एका कप्प्यात असतात आणि त्यांच्यावर काम करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, दुसऱ्या कप्प्यात. फळ अखंड आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. मिक्सरचं पातं फिरलं की मधल्या भिंती मोडतात, वर हवाही घुसळून आत जाते, आणि त्या ऑक्सिजनच्या मदतीने तपकिरी रंग तयार होतो. म्हणून लिंबू नंतर नाही, आधीच भांड्यात पिळावं. त्यातलं क जीवनसत्त्व हा बदल रोखून धरतं आणि आंबटपणामुळे विकर मंदावतं. मिक्सरही सलग चालवू नये, दोन-तीन झटके पुरतात. बियांची द्राक्षं असतील तर मिक्सर नकोच, कारण बी भरडली की रस तुरट-कडू होतो.

काळ्या द्राक्षाची गंमत वेगळी. एक मणी चिमटीत दाबून पाहा, गर जवळजवळ बिनरंगाचा निघतो. जांभळा रंग सगळा सालीत असतो, त्याचं नाव अँथोसायनिन. तो बाहेर काढायचा तर मंद आंच हवी. मी स्टीलच्या पातेल्यात पाणी न घालता द्राक्षं ठेवते आणि वर झाकण. पाचेक मिनिटांत मणी सुरकुततात, एकेक फुटतो आणि तळाशी आधी गुलाबी, मग गर्द जांभळा रस जमतो. वाफ यावी, खळखळ उकळी मात्र येऊ देऊ नये, नाहीतर ताजा वास उडून जातो. मग पावभाजीच्या स्मॅशरने चेपायचं आणि मलमलच्या फडक्यातून आपोआप गळू द्यायचं. या रसाचा थेंब खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात टाकला की जांभळा रंग निळसर-हिरव्याकडे झुकतो. मुलांना हे जरूर दाखवा.

साखर घालू नका. पिकलेल्या द्राक्षात साधारण 16 ते 20 टक्के साखर असतेच, म्हणजे पेलाभर रसात सहा-सात चमचे. चोथा तर गाळणीत राहतो, त्यामुळे ती रक्तात लवकर उतरते. मधुमेह असलेल्यांनी रसापेक्षा चार मणी चावून खावेत.

सालीवरची पांढुरकी झिलई पाहून अनेक जण घाबरतात. ते द्राक्षाचं स्वतःचं मेण आहे. द्राक्षं वाहत्या पाण्यात नीट चोळून धुवावीत, पण ती झिलई गेली नाही म्हणून फेकू नयेत. सालीवर रानटी यीस्टही असतं. आपल्याकडच्या दमट उकाड्यात कच्चा रस ओट्यावर राहिला की फेसाळतो, कारण यीस्ट साखरेचं मद्य करू लागतं. अमेरिकेत 1869 साली थॉमस वेल्च या दंतवैद्याने चर्चमधल्या विधीसाठी मद्य नसलेला रस हवा म्हणून पाश्चरच्या रीतीने बाटल्या तापवल्या आणि रस टिकवून दाखवला. घरी मात्र रस फ्रिजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवलेला बरा.

आमचा रस फ्रिजमध्ये असताना मुलीने बाटली उजेडात धरली आणि ओरडली, "आई, काच!" तळाशी खरंच बारीक कण चमकत होते. काच नव्हती ती. द्राक्षात टार्टारिक आम्ल असतं, जे इतर फळांत फारसं सापडत नाही. त्याचा पोटॅशियमशी झालेला क्षार थंडीत कमी विरघळतो, म्हणून खडे होऊन खाली बसतो. केकच्या कृतीत 'क्रीम ऑफ टार्टर' म्हणतात, ते हेच. आणि हे आम्ल भरपूर असलेलं दुसरं फळ आपल्या फडताळातच असतं: चिंच. आजी तांब्या-पितळेची भांडी चिंचेने लख्ख करायची, ती याच आम्लाच्या जोरावर. म्हणूनच द्राक्षाचा रस पितळेच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भांड्यात तापवायचा नाही.

मुलीने एक कण बोटावर घेऊन जिभेला लावला. "चिंचेसारखं लागतंय," ती म्हणाली.