पावसाळ्यात मोगरा का मरतो?

जुलैत चार दिवस संततधार लागली की मुंबईतल्या अनेक गॅलऱ्यांमध्ये एकच प्रकार घडतो. कुंडीतल्या मातीचा चिखल झालेला, खालच्या बशीत पाणी तुडुंब आणि मोगऱ्याने मात्र उन्हाळ्यात टाकावी तशी मान टाकलेली. घरातलं कुणीतरी ‘सुकलंय बिचारं’ म्हणून आणखी तांब्याभर पाणी घालतं. पुढच्या आठवड्यात खोड काळं पडतं आणि झाड जातं.

ते झाड गुदमरून मेलेलं असतं. मुळांना श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमध्ये ज्या बारीक पोकळ्या असतात, त्यांतल्या हवेतून त्यांना ऑक्सिजन मिळतो. पोकळ्या पाण्याने भरल्या की हा पुरवठा जवळजवळ बंदच होतो, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून ऑक्सिजन सुमारे दहा हजार पट सावकाश पसरतो. मग पाण्यात उभं असलेलं झाड कोमेजतं कसं? मुळांच्या पेशींच्या पटलात पाणी आत घेणाऱ्या प्रथिनांच्या सूक्ष्म वाटा असतात. त्यांना ‘ॲक्वापोरिन’ म्हणतात. ऑक्सिजन तुटला की पेशीतली आम्लता वाढते आणि या वाटा मिटतात. २००३ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी ॲराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या वनस्पतीत हे दाखवून दिलं. म्हणजे मुळांभोवती पाणीच पाणी, पण ते वर चढत नाही. अशा वेळी आणखी पाणी घालणं म्हणजे उरलासुरला श्वासही बंद करणं.

झेंडू एका हंगामात फुलून मोकळा होतो. मोगरा, अनंत, तगर, जास्वंद या वर्षानुवर्षं जगणाऱ्या झाडांना मात्र दर वर्षी पावसाळ्याचे चार महिने काढायचे असतात. सांताक्रूझला या चार महिन्यांत सरासरी सव्वादोन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. म्हणून बहुवर्षायू फुलझाडांची मुंबईतली निगा ही आधी मुळांची निगा आहे, असं मला ठामपणे वाटतं. खतं, फवारे हे सगळं त्यानंतर.

नर्सरीतून आणलेलं रोप पिशवीतून काढून बघा. बहुतेक वेळा लाल मातीचा घट्ट गोळा हातात येतो. ओला असताना चिकट, सुकला की विटेसारखा. तो तसाच कुंडीत बसवला तर उन्हाळ्यात पाणी गोळ्याच्या कडेने निघून जातं आणि पावसात गोळा आतून सुकतच नाही. बादलीत थोडा वेळ बुडवून बाहेरची माती बोटांनी हलकेच सोडवा, गोल गोल फिरलेल्या मुळ्या मोकळ्या करा. कुंडीतली माती भुसभुशीत हवी : लाल माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि तितकीच जाडसर वाळू. हे काम जूनच्या सुरुवातीला करावं. हवा दमट झाली की पानांतून पाणी कमी उडतं आणि दुखावलेल्या मुळांना सावरायला वेळ मिळतो.

कुंडीची उंचीही महत्त्वाची. ओला स्पंज आडवा धरा, पाणी गळायचं थांबलं की तोच उभा धरा; आणखी पाणी गळेल. मातीचंही तसंच असतं. निचरा संपल्यावरही तळाशी पाण्याने भरलेला एक थर उरतो आणि माती तीच असेल तर त्या थराची जाडी कुंडी उथळ असो वा खोल, साधारण तेवढीच राहते. उथळ कुंडीत मग मुळांसाठी कोरडी जागा उरतेच किती? म्हणून मोगऱ्याला निदान दहा-बारा इंच खोल कुंडी द्या, जूनमध्ये बशा काढून ठेवा आणि कुंड्या विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवा. मात्र अशा वजनदार कुंड्या खिडकीच्या ग्रिलमध्ये नकोत. खालून माणसं जात-येत असतात.

झाडं निवडतानाही इथल्या हवेचं ऐकावं. ट्यूलिपच्या कंदाला फुलण्याआधी तीन-चार महिने कडक थंडी लागते. सांताक्रूझच्या तापमानाचा नीचांक ७.४ अंश सेल्सिअस, तोही २२ जानेवारी १९६२ च्या एका रात्रीचा. ऑनलाइन मागवलेले ते कंद इथे दर वर्षी फुलणार नाहीत. त्यापेक्षा सोनटक्का लावा. तो मूळचा ओलसर जागेतला, त्यामुळे ऐन पावसात फुलतो. भुईचाफा उन्हाळ्यात पानांच्या आधी थेट मातीतून फुलं काढतो. मे महिन्यात लाल चेंडूसारखं फूल देणारी मे फ्लॉवर लिलीही अशीच. हिवाळ्यात भुईचाफ्याची आणि या लिलीची पानं पिवळी पडून जातात आणि कुंडी रिकामी दिसते. फेकू नका! पानांनी वर्षभर साठवलेलं अन्न खाली कंदात असतं. फक्त पाणी थांबवा आणि कुंडी पावसा-पाण्यापासून दूर कोपऱ्यात ठेवा. या विश्रांतीत घातलेलं पाणी कंद कुजवतं.

मोगऱ्याचं वेगळं. त्याची फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात, म्हणून फुटवे जितके जास्त तितकी फुलं जास्त. फांदीच्या शेंड्यात तयार होणारं ऑक्सिन हे संप्रेरक खाली उतरत राहतं आणि पेरांवरचे डोळे, म्हणजे नवी फूट येण्याच्या जागा, दबलेले राहतात. शिवाय वाढता शेंडा साखरही स्वतःकडे ओढतो. शेंडा छाटला की ती साखर डोळ्यांकडे वळते; २०१४ साली वाटाण्याच्या रोपांवरच्या प्रयोगांत डोळे जागे होण्याची सुरुवात या साखरेनेच होते असं दिसलं. आपल्याकडे दादरच्या फुलबाजारात मोगरा पाठवणारे पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-विक्रमगडचे शेतकरी छाटणीचं महत्त्व चांगलं जाणतात.

घरी जानेवारीच्या अखेरीस आठवडाभर पाणी कमी करा, मग प्रत्येक फांदी साधारण एक तृतीयांश छाटा. काप डोळ्याच्या जरा वर, तिरका आणि धारदार कात्रीनेच. त्यानंतर शेणखत आणि भरपूर पाणी. निदान चार-पाच तास ऊन मिळत असेल तर मार्चमध्ये कळ्या दिसू लागतील. पहिला बहर ओसरला की फुललेल्या फांद्यांची टोकं दोन-दोन पेरं पुन्हा खुडा, मेपर्यंत आणखी बहर येतो. पावसाला सुरुवात झाली की मात्र कात्री बाजूला ठेवा, कारण ओल्या हवेत ताज्या कापांतून बुरशी आत शिरते.