कार्बन फायबर शाफ्ट की हलकं फ्लायव्हील? दोन्ही फिरतात, पण कामं वेगळी

"फिरणारं वजन एक किलो कमी केलं की पाच-दहा किलो उतरवल्यासारखं होतं" हे वाक्य गाड्या मॉडिफाय करणाऱ्यांच्या तोंडी कायम असतं, आणि मग त्याच एका वाक्यावर कार्बन फायबरचा प्रोपेलर शाफ्टही विकला जातो आणि हलकं फ्लायव्हीलही. दोन्ही फिरतात, दोन्ही हलके केलेत, म्हणजे गाडीला फायदाही सारखाच, असं लोक धरून चालतात. तसं अजिबात नाहीये. फोर्डच्या मस्टँगसाठी चांगला कार्बन शाफ्ट हजार डॉलरच्या वर जातो, त्यामुळे आपण नेमकं काय विकत घेतोय ते आधी कळलेलं बरं.

फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या क्रँकला (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याला) मागून बोल्ट केलेली जड चकती, क्लच प्लेट तिच्यावरच दाबली जाते. शाफ्ट गिअरबॉक्सच्या मागून निघतो आणि गाडीच्या पोटाखालून मागच्या डिफरन्शियलपर्यंत (मागच्या दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्यापर्यंत) जातो, बोलेरोखाली वाकून बघितलं तर दिसतो तोच लांब पाईप. स्विफ्टसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत तो नसतोच, त्यामुळे तिथे हा विषयच संपला.

आता फिरण्याचं गणित. वजन मध्यापासून किती लांब आहे याचा वर्ग होतो, म्हणजे अंतर दुप्पट तर परिणाम चौपट. शाफ्ट असतो बारीक, त्याचं सगळं वजन मध्यापासून चारेक सेंटीमीटरवर. त्यात तो गिअरबॉक्सच्या नंतर येतो, म्हणजे चाक आणि त्याच्यामध्ये फक्त डिफरन्शियलचा रेशो, म्हणजे तिथे वेग किती पट कमी होतो तो आकडा. फ्लायव्हील रुंद असतं आणि इंजिनाच्या वेगाने फिरतं, म्हणजे खालच्या गिअरमध्ये चाकाच्या तेरा-तेरा पट. तोही आकडा वर्गात जातो.

2011 ते 2017 च्या सहा गिअरच्या मॅन्युअल मस्टँग जीटीवर हिशोब करून बघू. पहिला गिअर 3.66, डिफरन्शियल 3.55 धरू, चाकाची त्रिज्या 33 सेंटीमीटर. शाफ्टमधून 9 किलो काढले तर ते 9 किलो कमी झालेच, पण 'फिरणारं' म्हणून त्यावर जो बोनस मिळतो तो जेमतेम पावणेदोन किलोचा. आणि फ्लायव्हीलच्या बाहेरच्या भागातून, मध्यापासून साधारण साडेअकरा सेंटीमीटरवरून, फक्त 5 किलो काढले तर पहिल्या गिअरला गाडी शंभरेक किलोने हलकी झाल्यासारखी पळते, चौथ्याला तोच आकडा 13 वर येतो आणि सहाव्याला 3 वर. म्हणजे ते पाच-दहा पटीचं वाक्य फ्लायव्हीलला खालच्या गिअरमध्ये लागू पडतं, उलट कमीच सांगतं, आणि शाफ्टला कुठल्याच गिअरमध्ये लागू पडत नाही. इंजिनाची ताकद दोन्हीपैकी कशानेच वाढत नाही हेही लक्षात असू द्या.

मग शाफ्ट कार्बनचा करायचाच कशाला? कारण आहे, आणि चांगलं दणदणीत कारण आहे, फक्त ते वजनात नाहीये.

कुठलाही लांब शाफ्ट एका ठराविक वेगाला पोचला की मधून बाहेर फुगायला लागतो, उड्या मारायची दोरी फिरवताना फुगते तसा. त्याला क्रिटिकल स्पीड म्हणतात. लांबी दुप्पट केली की हा वेग चौथाईवर येतो. म्हणून कंपन्या लांब गाडीत स्टीलचा शाफ्ट दोन तुकड्यांत देतात आणि मधे रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग लावतात. आता गंमत बघा, अ‍ॅल्युमिनियम स्टीलच्या एक तृतीयांश वजनाचं, पण त्याचा ताठपणाही साधारण एक तृतीयांशच, त्यामुळे त्याच व्यासाचा अ‍ॅल्युमिनियमचा पाईप क्रिटिकल स्पीडमध्ये स्टीलच्या पुढे जातच नाही, जाड व्यासाचा घ्यावा लागतो. कार्बनचे धागे लांबीच्या दिशेने नीट घातले तर ताठपणा आणि वजनाचं गुणोत्तर एकदम वर जातं आणि तेवढ्याच मापाच्या पाईपची मर्यादा साधारण दीडपट होते. तेव्हा कुठे एवढा लांब शाफ्ट सलग एका तुकड्यात, मधल्या बेअरिंगशिवाय, भरवशाने फिरतो.

2013 च्या शेल्बी जीटी 500 ला फोर्डने कंपनीतूनच कार्बन शाफ्ट दिला. 662 हॉर्सपॉवर, ताशी 200 मैलांचं टार्गेट, त्या वेगाला तो शाफ्ट मिनिटाला आठ हजारांच्या आसपास फेरे मारतो. 2014 च्या बीएमडब्ल्यू एम 3 आणि एम 4 मध्येही एका तुकड्याचा कार्बन शाफ्ट होता. पण 2017 च्या अखेरीस एक्झॉस्टमध्ये पार्टिक्युलेट फिल्टर (धुरातले बारीक कण अडवणारी गाळणी) बसवायची वेळ आली, जाड कार्बन पाईपला जागा पुरेना, आणि त्याच गाड्यांना परत स्टीलचा शाफ्ट आला. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं, कारण एवढी मोठी कंपनी परत स्टीलवर गेली आणि तरी त्या गाड्या काही लंगड्या झाल्या नाहीत.

चालवताना फरक कुठे जाणवतो? हलकं फ्लायव्हील पहिल्या मिनिटात कळतं. क्लच दाबून अ‍ॅक्सिलरेटरला नुसता टिचका मारा, काटा फटकन वर आणि तितक्याच पटकन खाली, खालचा गिअर टाकताना रेव्ह मॅच करायला, म्हणजे इंजिनाचा वेग त्या गिअरशी जुळवून घ्यायला, मजा येते. पण त्याची किंमत मोजावी लागते: सिग्नलवरून निघताना गाडी बंद पडायला बघते, चढावर क्लच जास्त खेळवावा लागतो, आणि मूळचं ड्युअल मास (मधे स्प्रिंगा असलेलं दोन चकत्यांचं) फ्लायव्हील काढलं असेल तर न्यूट्रलला गिअरबॉक्समधून खडखड ऐकू येते, कारण इंजिनाचे झटके गिळणाऱ्या स्प्रिंगाच गेल्या. शाफ्टचं तसं नाही. शहरात रोज चालवताना बहुतेकांना काही कळणार नाही, फरक आहे तो वरच्या वेगाला, जिथे जुना दोन तुकड्यांचा शाफ्ट थरथरायला लागायचा. एक मात्र होतं, मधलं रबर गेल्यामुळे गिअरबॉक्सचा आवाज केबिनमध्ये थोडा जास्त येऊ शकतो.

तुटण्याचा प्रकारही वेगळा. स्टीलचा शाफ्ट पुढून सुटला आणि रस्त्यात रुतला तर गाडी उचलून टाकू शकतो, म्हणून ड्रॅग रेसिंगवाले खाली सेफ्टी लूप, म्हणजे शाफ्टला खाली पडू न देणारं कडं, लावतात. कार्बनचा पाईप जास्त टॉर्कने (पिळाच्या जोराने) गेला तर धागे धागे होऊन झाडूसारखा पिंजला जातो, खालची फ्लोअर बऱ्यापैकी वाचते. लूप तरीही लावाच. फ्लायव्हील फुटलं तर तुकडे थेट ड्रायव्हरच्या पायांकडे येतात, त्यामुळे तिथे एसएफआय 1.1 (रेसिंगच्या पार्टसाठीचं सुरक्षा मानक) सर्टिफिकेट नसलेला स्वस्त माल घेऊच नका, मग कोणी कितीही डिस्काउंट देवो.

काम कुठलं सोपं? शाफ्ट. लिफ्टवर गाडी घ्या, दोन्ही टोकांचे आणि मधलं बेअरिंग असेल तर त्याचे बोल्ट खोला, झालं. फ्लायव्हीलसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, म्हणून क्लच बदलायला आला असेल तेव्हाच ते करावं, नुसत्या फ्लायव्हीलसाठी एवढी मजुरी घालण्यात अर्थ नाही. शाफ्ट घेताना मात्र दोन-तीन गोष्टी बघाच. कार्बनच्या पाईपला धातूचं टोक चिकटवलेलं असतं आणि सगळा टॉर्क त्या जोडातून जातो, तिथे कार्बन आणि अ‍ॅल्युमिनियम थेट टेकलेले असतील तर ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम गंजतं, म्हणून मधे काचेच्या फायबरचा थर आहे का विचारा. एक्झॉस्ट जवळून जात असेल तर हीट शील्ड लावा. गाडी खाली केल्यावर, चाकांवर वजन असताना क्रॉसचा (शाफ्टच्या टोकाच्या वळणाऱ्या सांध्याचा) अँगल मोजा, तो चुकला तर नवाकोरा कार्बन शाफ्टही जुन्यापेक्षा जास्त थरथरेल. आणि गॅरेजवाल्याला स्पष्ट बजावून ठेवा की त्या पाईपला जॅक, पान्हा, साखळी काहीही टेकवायचं नाही, धाग्यात चीर गेलेली दिसली तर तो शाफ्ट परत गाडीला लावायचा नाही.