चार बाटल्या रक्त कशाला?

पावसाळ्यात मुंबईत ताप आला की घरोघरी एकच निदान: व्हायरल असेल, गोळी घे, दोन दिवस बघू. एरवी ते खपूनही जातं. पण केमो होऊन आठ-दहा दिवस झालेत, काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशींची संख्या) पडलेत आणि पारा तासभर 100.4 च्या खाली येत नाही (किंवा एकदाच 101 ला टेकला), अशा माणसाला हे दोन दिवस परवडत नाहीत.

पू म्हणजे मुख्यतः जंतूंशी लढून मेलेल्या पांढऱ्या पेशी. त्यातल्या न्यूट्रोफिल पेशी रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे 500 च्या खाली गेल्या की जखमेत पू धरत नाही, न्यूमोनिया असूनही एक्स-रे स्वच्छ दिसू शकतो. उरतो फक्त ताप. तोही आपण पॅरासिटामॉल देऊन झाकतो! गावाहून परळला टाटा रुग्णालयात आलेली किती तरी कुटुंबं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरतात. जवळ राहण्याचा मोठा फायदा हाच, की ताप आल्या आल्या रुग्णालय गाठता येतं. तिथे पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं.

त्याआधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून बघायची तपासणी. आणि इथेच नातेवाईक कुरकुरतात: आधीच अंगात रक्त नाही, त्यात सिस्टर चार बाटल्या भरून नेतात. प्रत्येकीत 8 ते 10 मिलिलिटर, म्हणजे सगळं मिळून जेमतेम आठ चहाचे चमचे. पण तेवढं लागतंच. निरोगी माणसाच्या एका मिलिलिटर रक्तात सुमारे 500 कोटी तांबड्या पेशी असतात. संसर्ग झालेल्याच्या तेवढ्याच रक्तात जंतू अनेकदा एखादाच, कधी तोही नाही. संध्याकाळच्या गर्दीत दादरच्या पुलावर एकच खिसेकापू हुडकायचा, तसं हे काम. रक्त कमी घेतलं तर तो हातीच लागत नाही.

बाटलीत जंतूंचं आवडतं खाणं असतं. ते खाऊन जंतू वाढतात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि बाटलीच्या तळाच्या चकतीचा रंग पालटतो. यंत्र दर काही मिनिटांनी तो तपासत राहतं. बहुतेक जंतू पहिल्या दोन दिवसांतच सापडतात.

दोन बाटल्या हातातून, दोन छातीतल्या पोर्टमधून किंवा लाइनमधून (केमो देण्यासाठी मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून) भरतात, यातही खुबी आहे. लाइनची बाटली हातातल्या बाटलीपेक्षा दोन तास किंवा त्याहून आधी पॉझिटिव्ह आली, तर जंतूंचं घर बहुधा त्या लाइनमध्येच. आणि त्वचेवरचा साधा स्टॅफिलोकॉकस चारपैकी एकाच बाटलीत उगवला, तर तो सुईबरोबर आत आलेला पाहुणा असण्याचीच शक्यता जास्त.

जंतूचं नाव कळायला पूर्वी आणखी एक-दोन दिवस जायचे. आता मोठ्या प्रयोगशाळांत लेझरने त्याची प्रथिनं उडवून, ती नळीच्या दुसऱ्या टोकाला किती वेळात पोचतात यावरून नाव काही मिनिटांत ओळखतात. प्रथिनांचे अवजड रेणू न मोडता लेझरने उडवून दाखवल्याबद्दल जपानच्या कोइची तानाका यांना 2002 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. तरी नाव कळून अर्धंच काम होतं. समजा क्लेबसिएला नावाचा जंतू निघाला, पण तो कोणत्या औषधाला दाद देतो? आपल्याकडे कार्बापेनेमसारख्या भारी औषधांनाही न जुमानणारे जंतू भरपूर आहेत, म्हणून सेन्सिटिव्हिटीच्या रिपोर्टसाठी आणखी एक दिवस जीव टांगणीला लागतो.

आणि पाच दिवसांनी ‘नो ग्रोथ’ आलं तर? बहुतेकांचं तेच येतं. म्हणून संसर्ग नव्हताच असं नाही. कॅन्डिडा बुरशी तर जवळजवळ निम्म्या वेळा कल्चरला चकवते. डॉक्टर मग कोऱ्या रिपोर्टवर न जाता ताप उतरलाय का, काउंट वर येतायत का, हे बघून औषध थांबवायचं ठरवतात.