सालीवरचा सातबारा

ऑगस्ट १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संसदेत एक अर्ज पोहोचला तो झाडाच्या सालीवर चिकटवलेला. मधोमध टंकलिखित मजकूर, योलंगू या आदिवासींच्या भाषेत आणि इंग्रजीत. भोवती गेरू, पांढरी माती आणि काळ्या रंगाने भरलेली चौकट. पाठवणारे होते उत्तरेकडच्या आर्नहेम लँडमधल्या यिर्कलाचे रहिवासी. त्याच वर्षी मार्चमध्ये सरकारने त्यांना न विचारता, आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या प्रदेशातली सुमारे ३०० चौरस किलोमीटर जमीन बॉक्साइटच्या खाणीसाठी वेगळी काढली होती.

ती चौकट शोभेची नव्हती. योलंगूंमध्ये कुळाची जमीन, तिथले पाणी, पूर्वजांच्या कथा आणि नक्षी ही एकमेकांत गुंतलेली. ज्याची जमीन, त्याचीच नक्षी. दुसऱ्या कुळाची नक्षी हक्काशिवाय काढता येत नाही. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव लागते, तिथे सालीवर नक्षी उमटते. म्हणूनच अख्ख्या मुलखाचे चित्र एकट्याच्या हातून पुरे होऊच शकत नाही. धुवा आणि यिरित्जा या समाजाच्या दोन अंगांनी संसदेसाठी एकेक साल रंगवली. मिळून चित्र काढणे हा तिथे कुणी आखून दिलेला उपक्रम नाही, तो त्यांचा कायदाच आहे.

संसदेने समिती नेमली, तिने भरपाई आणि पवित्र स्थळांचे रक्षण सुचवले. खाण मात्र झालीच. योलंगू न्यायालयात गेले. १९७१ मध्ये न्यायमूर्ती रिचर्ड ब्लॅकबर्न यांनी योलंगूंना स्वतःचा कायदा असल्याचे मान्य केले आणि तरीही जमिनीची मालकी नाकारली. तो निकाल वाचताना आजही जीव तुटतो. त्यानंतर चौकशी आयोग बसला, १९७६ चा जमीन हक्क कायदा आला. पण किनाऱ्यावर चढणाऱ्या भरतीच्या पाण्याचे काय, हा प्रश्न उरला.

१९९६ मध्ये गारांगाली इथे, मगररूपी पूर्वज बारूच्या पवित्र जागी, बारामुंडी मासा पकडणाऱ्यांचा बेकायदा तळ सापडला. शेजारी मगरीचे छाटलेले मुंडके. योलंगूंनी उत्तर दिले ते पुन्हा सालीवर: १५ कुळांचे ४७ चित्रकार, ८० चित्रे. प्रत्येकाने आपापल्या वाट्याचे पाणी रंगवले, खाडीचे, प्रवाहांचे, नदी समुद्राला मिळते तिथले. साऱ्या साली शेजारी शेजारी मांडल्या की किनारा उभा राहतो. ही चित्रे देशभर फिरली.

३० जुलै २००८ रोजी, याच किनाऱ्यावरच्या ब्लू मड बे या उपसागराच्या पाण्यावरून चाललेल्या खटल्यात ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. आर्नहेम लँड ज्यात येते त्या नॉर्दर्न टेरिटरी प्रदेशाच्या सुमारे ८० टक्के किनाऱ्यावर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या पाण्यात मासेमारी करायची, तर तिथल्या आदिवासी मालकांची परवानगी हवी.